गार्डकाकूंची हिंदीबंदी

गार्डकाकूंचा आवाज इंजिनाच्या भोंग्यासारखा होता असं मी म्हणणार नाही. भोंगा मध्ये मध्ये थांबतो. जयपूरच्या आमच्या रेल्वे कॉलनीत काकूंनी गच्चीवरून "अहोऽऽ" अशी हाक मारली, की त्यांच्या यजमानांसोबत आणखी चार नवरे चपला घालून जिन्यात हजर व्हायचे आणि तिकडे चाळीस किलोमीटरवरच्या चाकसूला उंट माना वळवायचे. काका मालगाडीवर गार्ड. दोघं मूळचे अमरावतीचे.

आमच्या मुलाचं नाव आम्ही हौसेनं निनाद ठेवलं आणि दोन वर्षं झाली तरी निनादाचा नाद निघेना. हसायचा, बोट दाखवायचा, सांगितलेलं सगळं कळायचं. शब्द मात्र नाही. डॉक्टरांनी कान तपासले. म्हणाले, "ऐकू उत्तम येतंय. तुम्ही भरपूर बोला त्याच्याशी, कुठल्याही भाषेत. आपण लक्ष ठेवू." पण साताऱ्याहून माझ्या आईचा रोज व्हिडिओ कॉल: "आई म्हणाला का गं?" आणि माझी बायको वृंदा कसनुसं हसून, "अभी नहीं... म्हणजे, अजून नाही." वृंदा जन्मापासून जयपूरची. तिचं मराठी काठी टेकत चालतं. हिंदी पळत सुटतं.

काकूंनी एका नजरेत निदान केलं. "पोट्टं गोंधळलं हाये बाप्पा! आई हिंदीत, बाप मराठीत, शेजारीण मारवाडीत. थो ऐकन कोनाचं? आजपासून निस्तं मराठी!"

डॉक्टरांचा आवाज काही गच्चीपर्यंत पोचत नव्हता. बंदी लागू झाली. दूधवाले भैया घाबरून घरोघर "दूध घ्या जी" म्हणू लागले. भाजीवाला मेथी मराठीत विकू लागला आणि, मतलब, भावही मराठी माणसाला न परवडणारा सांगू लागला. कुत्र्यांनासुद्धा "हट" बंद, "हाड" सुरू. सगळ्यांत लवकर कुत्रीच शिकली.

आमचं घर मात्र गप्प झालं. पोळ्या लाटताना निनादशी अखंड बडबडणारी वृंदा आता लाटणं हातात धरून शब्द शोधत बसायची. तो सापडेपर्यंत पोरगा दुसऱ्या खोलीत गेलेला असायचा. एकदा डोळे पुसत म्हणाली, "तो तर बोलतच नव्हता. आता मी पण नाही बोलत." हे काकूंना सांगायला मी गेलो आणि त्यांचंच ऐकून परत आलो.

मग संक्रांत आली. त्या दिवशी जयपूरला आकाश नसतं, नुसते पतंग असतात. गच्चीवर काकूंनी निनादचं बोरन्हाण मांडलं. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट; पोरगा संस्थानिकासारखा पाटावर बसला. काकूंनी चुरमुरे, बोरं, उसाच्या गंडेऱ्या मापात भरल्या आणि त्याच्या डोक्यावर ओतल्या. निनाद खदखदून हसला. तो हसला तशी वृंदा सगळं विसरली. गुडघ्यांवर बसून त्याचे गाल धरून म्हणाली, "मज़ा आया? और चाहिए, मेरे राजा? और?"

निनादनं रिकाम्या मापाकडे बोट दाखवलं. "और!"

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी "वो काटा!" म्हणून ओरडलं. आमच्या गच्चीवर पोराचा पहिला शब्द पडला होता, आणि तो हिंदी होता. काकूंचा हुकूम मोडला होता, आणि तोही त्यांच्या देखत. सगळे काकूंकडे बघत होते. वृंदा रडत होती.

काकूंनी पदर खोचला. "असं काऊन पाहून राहिले? हा शब्द मराठीच हाये! आमच्या अमरावतीत सारेच म्हनतेत!" आणि माप पुन्हा भरत त्याच्यापुढे वाकल्या. "बेटा, और लेगा क्या? हां? और लेगा?"

त्यांचं ते हिंदी ऐकून उंटांनी पुन्हा माना वळवल्या असाव्यात.

काका निवृत्त झाले, दोघं अमरावतीला गेले. आता रविवारी काकूंना फोन लावतो. निनाद दोन्ही भाषांची मिसळ करून शाळा, मांजर, पतंग असं जे सुरू करतो, ते थांबत नाही. पलीकडून चकार शब्द नाही. गेल्या रविवारी मला धास्तीच वाटली. फोन ओढून घेतला. "काकू, आहात ना?"

"चूप बस रे तू," काकू हळूच म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "थो बोलून राहिला नं."