पहिल्या बायकांची पुस्तकं

रिकाम्या हाताने कधीही न येणारी आणि तरीही यजमानांना हमखास पेचात टाकणारी पाहुणी माझ्या धाकट्या मावशीसारखी अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात दुसरी सापडायची नाही. बारसं असो, वास्तुशांत असो, नाहीतर नव्या ट्रॅक्टरची पूजा. मावशीचा आहेर ठरलेला. मुलांचं चित्रांचं पुस्तक, तेही कशात ना कशात पहिली ठरलेल्या बाईचं. पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक, पहिली शिक्षिका. बरं, पुस्तक देऊन ती गप्प बसेल तर ती मावशी कसली! मांडवातच पोरं गोळा करून वाचायला लागते आणि पंगत खोळंबते. काष्टीच्या बाजारात तर ती चक्क पोतं अंथरून बसायची. "या, पहिल्या बायकांची पुस्तकं!" ही तिची आरोळी ऐकून एका बैलवाल्याने गंभीरपणे विचारलं होतं, "मावशे, पहिल्याच का? दुसरीनं काय घोडं मारलंय?" मावशीने त्याला खाली बसवलं आणि वैमानिक बाईची गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकवली. त्याचे बैल तेवढे विकायचे राहिले.

एकदा कांदेवालीच्या मुलीने तिला विचारलं, "आजी, तुमी कशात पहिल्या?"

मावशी पुस्तकं आवरत म्हणाली, "मी कशातच न्हाई गं. आमच्या गावातनं हायस्कुलात जानारी मी तिसरी. पहिली आमची अक्का."

ही अक्का तिच्या माहेरची शेजारीण, लग्न होऊन कर्जतला गेलेली. तिचं नाव निघालं आणि मावशीला चैन पडेना. दुसऱ्याच दिवशी तिने मला गाडी काढायला लावली.

अक्का अंगणात उन्हाला बसल्या होत्या. "त्यांना आता काय आठवत न्हाई," सून हळूच म्हणाली, "कधी कधी मला बी वळखत न्हाईत." मावशीने पिशवीतलं पुस्तक पिशवीतच ठेवलं आणि अक्कांचा हात हातात घेऊन गोष्ट सांगायला लागली. एक मुलगी होती. भावाची सायकल पळवून हायस्कुलात जायची. पारावरची माणसं हसायची. एकदा ओढ्यात पडली, तर तशीच चिखलाने माखलेली वर्गात जाऊन बसली.

अक्का लहान मुलासारख्या ऐकत होत्या. "मग? पुढं काय झालं त्या पोरीचं?"

नववीतच तिची शाळा सोडवून लग्न लावून दिलं होतं, हे येताना मावशीनेच मला सांगितलं होतं. तिने अक्कांचा घसरलेला पदर खांद्यावर नीट केला.

"पुढं? तिच्या मागनं आमी समद्या गेलो की, अक्का."