काचवाल्याने निवडलेली झडप

हा माझा धाकटा भाऊ. आमच्या बाजारात काच कापणारे ढिगानं आहेत, पण गोल काच एका दमात कापणारा हाच, आणि त्याला हत्यार धरायला शिकवलं मी. शाळा दोघांचीही बेताचीच. कापलेल्या कडेवरून उघडा अंगठा फिरवून हा सांगायचा, इथे अजून खरखर आहे. असा अंगठा दुसऱ्या कुणाचा असेल तर आणून दाखवा.

ऐन उमेदीत त्याची हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी मुळाशी फुगली. फुटली तर खेळ खलास. डॉक्टरीणबाईंनी दोन रस्ते सांगितले. एक, फुगलेला भाग आणि आतली झडप दोन्ही काढून नळी आणि धातूची झडप बसवायची. ती जन्मभर टिकते, पण रक्त पातळ करायची गोळी रोज, आणि कुठं कापून घ्यायचं नाही. दुसरा, झडप त्याची चांगली आहे, ती ठेवून भोवतीचा भागच बदलायचा. ती गोळी कायमची नाही, पण पुढे झडप गळू लागली तर छाती पुन्हा उघडायची.

"जुनं ठेवून डागडुजी आपल्याला जमत नाही, बाई," हा म्हणाला. "बदलायचं तर सगळं बदला."

"धंदा काचेचा आहे तुमचा. गोळीचा विचार करा."

"हातमोजे घालीन की."

घातले. धातूची झडप अजून चोख चालते. पण मोज्यातून त्याला कड कळेना. एकदा मोजा काढला, अंगठा कापला, आणि रक्त काही केल्या थांबेना. दवाखान्यातून आल्यावर त्याच्या बायकोनं हत्यारं कपाटात घातली. आता कापायला माणूस आहे, हा स्टुलावर बसून मापं सांगतो.

"मालक झालाय आमचा," मी गिऱ्हाइकांना सांगतो.

"दादा, गप रे," हा म्हणतो.

परवा एक शिंपीणबाई आपल्या दुकानातला उभा आरसा घेऊन आल्या. चौकट ओलीनं फुगलेली.

"सगळंच नवीन द्या भाऊ. पुन्हा खेप नको."

"अहो, काच चांगली आहे. ती कशाला टाकता? नुसती चौकट..." आणि हा थांबलाच.

"नुसती चौकट काय?"

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, डॉक्टरीणबाई हेच सांगत होत्या."

"अरे, तुझ्यासारखी झडप अख्ख्या बाजारात आहे का कुणाची?"

"माझी काच चांगली होती रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दुकान उघडलं नाही. दवाखान्यात गेला, मी बरोबर.

"बाई, माझी ठेवली असती तर?"

"तुमच्या वेळी ज्यांची ठेवली, त्यातले बरेचसे आज ठीक आहेत. काहींना पुन्हा उघडावं लागलं. एक त्यातून उठला नाही."

"मी कुणात असतो?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही."

हा शर्टाची बटणं लावत राहिला. मग म्हणाला, "निदान काही वर्षं तरी उघड्या हातानं काच कापली असती."

बाई म्हणाल्या, "हो. तेवढी वर्षं बहुतेक मिळाली असती."