कूलरचा आवाज

त्या दोघांचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांच्या नावाचे टी-शर्ट नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर लटकलेले असतात, तेवढी जाहिरात पुरे. दोघांपैकी एक माझा सख्खा धाकटा भाऊ आणि दुसरा त्याचा पॉलिटेक्निकपासूनचा दोस्त. कॉम्प्युटरवर नाचायचं संगीत तयार करायचं, स्टेजवर उभं राहून बटणं फिरवायची, मध्येच एक हात वर करायचा आणि समोरच्या हजारो पोरांनी उड्या मारायच्या, हा त्यांचा धंदा. लोक मला विचारतात, "तुम्हाला किती अभिमान वाटत असेल ना?" मी हो हो म्हणते आणि विषय बदलते. अभिमान वाटत नाही. राग येतो. का येतो ते एकदा सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको.

आमचं घर सक्करदऱ्याला. खाली दोन खोल्या, वर गच्चीवर एक. वडील लवकर गेले. आई शाळेत शिपाई होती, मी रामदासपेठेत एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर आहे. लोकांच्या हातात त्यांचे रिपोर्ट देते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत नाही. भावाच्या दोस्ताचे वडील सरकारी कचेरीत, घर शिस्तीचं, पूजेअर्चेचं. तिथे स्पीकर लावायची सोय नव्हती, म्हणून सगळा धिंगाणा आमच्या गच्चीवर. आमच्या घराला शिस्त नव्हती असं त्या लोकांना वाटत असावं. शिस्त होती, फक्त आम्ही दोघी दिवसभर कामावर असायचो.

सुरुवात त्यांनी चांगली केली, खोटं कशाला बोलू. जयंतीच्या मिरवणुकीसाठी जुन्या भीमगीतांना ठोका लावला आणि आमच्या वस्तीचा ट्रक त्या वर्षी सगळ्यांत जोरात वाजला. मीही नाचले. आई नाचली नाही. तिचे सासरे छप्पन साली दीक्षाभूमीच्या त्या गर्दीत उभे होते. तिने स्वतः उभी हयात महिला मंडळात पेटी-ढोलकीवर गाणी म्हटलेली. गाण्यात शब्द ऐकू आला पाहिजे, हे तिचं पक्कं मत. ट्रक गेल्यावर ती कानावरचा पदर काढत म्हणाली, "हे गाणं होय का? हे तं दळण होय. गिरणीत बसल्यावाणी वाटते."

आई आयुष्यभर तेच म्हणत राहिली. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मग लॉनवरची लग्नं, मग कॉलेजची गॅदरिंगं, मग पुणं आणि गोवा. दोघांची एक खोड होती. दिसेल त्या गोष्टीचा आवाज रेकॉर्ड करायचा. कुकरची शिटी, फाटकाची कडी, भाजीवाल्याची हाळी, कचऱ्याच्या गाडीचं गाणं. घरात शिंकायची चोरी झाली होती. एकदा मी दोस्ताला म्हटलं, "काहून गा, तुमच्या घरी कुकर नाही का?" तो हसला. तो नेहमी हसतो. लोकांना त्याचं हसू फार आवडतं आणि मला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

पुढे आईची फुप्फुसं गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा आधी ऑक्सिजनचा सिलिंडर होता. तो दर वेळी भरून आणायचा आणि खोलीपर्यंत ओढायचा खटाटोप मला एकटीला झेपेना, म्हणून मी ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणलं. पलंगाच्या डोक्याशी, कपाटाच्या आडोशाला ठेवलं. दारातून ते दिसायचं नाही, आवाज मात्र घरभर. आधी घरघर, मग एक ठप्, मग फुस्स, आणि पुन्हा घरघर. आमच्या मशीनचं मागचं झाकण सैल होतं, त्यामुळे फुस्सच्या शेवटी एक बारीक शिट्टी यायची. मी चिकटपट्टी लावली, तरी यायची. त्या आवाजात मी जेवले, झोपले, आईचं अंग पुसलं. वीज गेली की आवाज थांबायचा आणि माझा जीव खालीवर व्हायचा. लहान मुलाचं रडणं आईला ओळखू येतं तसा तो आवाज मला ओळखू येतो, दहा आवाजांत मिसळला तरी.

भाऊ पुण्यात होता. यायचा, नाही असं नाही. यायचा आणि दारात उभा राहायचा. "आई, बरं वाटते ना?" आई मान हलवायची. तिने मान हलवली की हा निघाला. रोग लागतो अशी भीती होती की तिच्याकडे बघवत नव्हतं, देव जाणे. आम्ही देव मानत नाही, पण बोलण्यात येतो. एका जानेवारीच्या दुपारी तो हातात तो छोटा रेकॉर्डर घेऊन आला आणि पहिल्यांदा खोलीच्या आत आला. मला वाटलं बसायला आला. मी स्टूल रिकामं केलं आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला गेले. चहा घेऊन आले तर हा गच्चीवर. चहा मीच प्यायले. त्या महिन्याच्या शेवटी आई गेली.

गाणं आलं पुढच्या उन्हाळ्यात. मी सीताबर्डीवर चपला घ्यायला गेले होते. शेजारच्या मोबाइलच्या ठेल्यावर मोठा स्पीकर लावलेला. घरघर, ठप्, फुस्स, आणि ती बारीक शिट्टी. मी एका पायात नवी चप्पल आणि एका पायात जुनी अशी उभी राहिले. कोणीतरी आईला रस्त्यात आणून ठेवली असं वाटलं मला. मग त्या आवाजावर ढोल चढला, मग ते दळण सुरू झालं, आणि ठेल्यावरची दोन पोरं खांदे उडवायला लागली. ठेलेवाला मला म्हणाला, "दीदी, अपनेच नागपूर के लडके हैं. कूलर का गाना है. सुना नहीं क्या?"

गाण्याचं नाव होतं 'कूलर'.

तेव्हापासून ते गाणं मला कुठे भेटलं नाही ते विचारा. ऑटोत, लॉनवर, लॅबच्या शिपायाच्या फोनमध्ये. आणि मुलाखती! दोघं रंगीत गॉगल लावून सोफ्यावर बसतात आणि माझा भाऊ सांगतो की आमच्या आईच्या खोलीत एक जुना कूलर होता, नागपूरच्या उन्हाळ्यात आई त्याच्यासमोर बसून आमची गाणी ऐकायची, पाठ थोपटायची, आणि त्याच कूलरच्या आवाजावर आम्ही हे गाणं रचलं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. म्हण आईला लावू नये, पण राग आला की मी तोंडाला आवर घालत नाही. कुठली गाणी ऐकायची ती? कोणाची पाठ थोपटायची? आईने त्यांचं एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं असेल तर मी नाव बदलीन. पण गोष्ट गोड होती, लोकांना आवडली. पुढे पुढे स्टेजवर खराखुरा कूलर ठेवायला लागले, वाळ्याचे पडदे लावलेला, आतून निळा दिवा. गाणं सुरू झालं की त्यातून पोरांच्या अंगावर पाणी उडवायचे.

मला वाटायचं, हा जाणूनबुजून खोटं बोलतो. ऑक्सिजनचं मशीन म्हटलं तर कोण नाचणार? म्हणून कूलर. आईचा श्वास चोरला आणि वर नाव बदलून विकला, असं मी मनात धरून बसले होते. फोनवर बोलले नाही. असल्या गोष्टी तोंडावर बोलाव्यात.

मग नागपुरात त्यांचा मोठा कार्यक्रम ठरला, आणि त्या दुपारी दोघं जेवायला घरी आले. भावाला सावजी रस्सा हवा होता. मी दुधी भोपळा केला. दोघं निमूट जेवत होते. मी वाढता वाढता विचारलं, "तुह्या गाण्यात तो आवाज कशाचा आहे?"

"कूलरचा ना, ताई. आईच्या खोलीतला," भाऊ म्हणाला.

"माह्यासमोर लबाड बोलू नको."

"लबाड काहून बोलू? मी सोता रेकॉर्ड केला. तूच तं स्टूल देल्लं होतं मले."

"कोणता महिना होता?"

"जानेवारी. आई जायच्या आधी."

"जानेवारीत कूलर कोण चालवते गा?"

त्याने हातातला घास ताटात ठेवला. आईच्या खिडकीतला कूलर आम्ही दिवाळीनंतर जुन्या चादरीने बांधून ठेवतो. त्या दिवशीही बांधलेलाच होता, त्याच्या डोळ्यांसमोर. मी त्याला सांगितलं, सिलिंडर परत केला होता, मशीन आणलं होतं, ते कपाटाच्या आड होतं, हा त्याचा आवाज आहे. "मशीन होतं?" त्याने विचारलं. "मले वाटे सिलिंडरच आहे. सिलिंडरचा आवाज नाही येत ना, ताई."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचं तोंड मी त्याच्या जन्मापासून बघते आहे. त्याला खरंच माहीत नव्हतं. आईच्या शेवटच्या महिन्यांत तिच्या नाकाला लावलेली नळी कुठून येते, हे त्याने एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. चोरी केली असती तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. याला काय म्हणायचं ते मला त्या वेळी सुचलं नाही, आजही सुचत नाही. ताट तसंच ठेवून तो मोरीत हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

दोस्त मात्र हसत नव्हता. त्याला मी पहिल्यांदाच न हसता पाहिलं. तो हळूच म्हणाला, "म्हणजे ताई, तो श्वासाचाच आवाज आहे?" मला वाटलं, चला, याला तरी लाज वाटली. मी म्हटलं, "हो. ते गाणं आता बंद करा. निदान नागपुरात तं वाजवू नका." तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." मी त्याला वरून पोळीही वाढली. माझ्यासारखी मूर्ख मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये काउंटरवरची दुसरी मुलगी डोळे पुसत माझ्याकडे आली. "मॅडम, तुम्ही कधी सांगितलंच नाही वं," म्हणाली आणि फोन पुढे केला. कालच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ. स्टेजवर कूलर नव्हता. त्या जागी फुलं लावलेला आईचा फोटो होता. माझा भाऊ माइक धरून रडत होता आणि दोस्त त्याच्या खांद्यावर हात ठेवून लोकांना सांगत होता की आजवर आम्ही एक गोष्ट लपवून ठेवली होती. हा आवाज कूलरचा नाही, आमच्या आईच्या शेवटच्या श्वासांचा आहे. आमच्या आईच्या! त्याची आई धडधाकट आहे, पहिल्या रांगेत बसली होती. मग त्याने सगळ्यांना शांत राहायला सांगितलं, आणि हजारो लोक शांत राहिले. सगळ्यांनी मोबाइलचे दिवे लावून हात वर केले. नुसतं मशीन वाजत होतं. घरघर, ठप्, फुस्स, शिट्टी. आणि मग ढोल.

भाऊ खरा रडत होता. मला त्याचं रडणं ओळखू येतं. पण रडून झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि हात वर केला, तेही मी पाहिलं. खरी गोष्ट मीच त्यांच्या हातात दिली होती, दुधीच्या भाजीबरोबर. मी गप्प बसले असते तर तो आवाज कूलरचाच राहिला असता आणि आई त्यातून सुटली असती. आता लॅबमध्ये येणारे अनोळखी लोक मला नमस्कार करतात, तुमची आई अमर झाली म्हणतात. मी त्यांना त्यांचा रिपोर्ट देते.

कोणाला सांगितलं नाही ते एवढंच. शेवटच्या आठवड्यात आईला आमच्या बोलण्याचाही त्रास व्हायचा, पण सगळ्यांत जास्त त्रास त्या मशीनचा. नाकावरची नळी बाजूला करून ती मला म्हणायची, "बंद कर ना वं ते. डोकं उठवलं माह्यं." मी म्हणायचे, आई, नाही करता येत. ती पुन्हा म्हणायची. जाईपर्यंत म्हणत होती. त्या व्हिडिओत गाणं संपल्यावर लोक ओरडून ओरडून पुन्हा एकदा, पुन्हा एकदा म्हणाले, आणि माझ्या भावाने ते पुन्हा लावलं.