डिंकाचे लाडू

सातव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, नाळेत दोष होता, तुमची काही चूक नाही. घरी येईपर्यंत ते वाक्य सगळे विसरले. मीसुद्धा.

नवीन पनवेलच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पाणी चढायचं नाही. खालच्या नळावरून बादल्या आणाव्या लागत. भेटायला येणारी प्रत्येक बाई तिथेच बोट ठेवायची. खालच्या मजल्यावरची, नेरे गावाकडची शेजारीण तर दारातूनच म्हणाली, "आमी सांगत होतो, नको चढवू पानी. आयकलं नाय!" सासूबाई मान हलवायच्या. मीही हलवायचे. तूच मारलंस त्याला, असं मी मनातल्या मनात स्वतःला दिवसभर सुनावायचे. असलं मी वैरिणीलाही बोलले नसते.

दूध आलं होतं. छाती दगडासारखी झाली होती. शेक नाही, तेल लावणं नाही, गरम भात-तूप नाही. आई असती तर माहेरी गेले असते. ती माझ्या लग्नाआधीच गेली. सासूबाईंनी माझ्या बाळंतपणासाठी आणलेला डिंक, खारीक, खसखस सगळं डब्यात भरून माळ्यावर टाकलं. "पुढच्या खेपेला होईल," म्हणाल्या.

आठवडा उलटला आणि त्यांनी माझ्यासमोर बादली ठेवली. "आता उचलायला हरकत नाही. पोटात काही नाही ना."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे बादली बाळाला जड होती, मला कधीच नव्हती! जिच्यामुळे बाळ गेलं म्हणून मला बोल लावले, तीच बादली माझ्या हातात? आणि या बायकांचं ऐकून मी स्वतःला खुनी ठरवत बसले होते? संताप आला, त्यांचा आणि त्याहून जास्त माझ्या मान हलवण्याचा.

बादली तिथेच ठेवली. स्टूल घेतलं, माळ्यावरचा डबा काढला. डिंक तुपात टाकला, तो टपटप फुलला. खारकेची पूड घातली, खोबरं भाजलं, गुळाचा पाक केला. पाक जरा पुढे गेला. एरवी स्वतःला चार शिव्या दिल्या असत्या. त्या दिवशी म्हटलं, राहू दे, खाणारी काही बोलणार नाही.

तुपाचा वास जिन्यात गेला असावा. शेजारीण वर आली. परातीतले लाडू बघून तिने सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगो, पोर नाय घरात, मग ह्ये लाडू कोनाला?"



"बाळंतिणीला," मी म्हणाले आणि दोघींसमोर बसून पहिला लाडू फोडला.