वरच्या काकांचं पॅरिस

पॅरिस शहर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना जेवढं ठाऊक होतं, तेवढं खुद्द पॅरिसवाल्यांनाही ठाऊक नसावं. अडचण एवढीच की काका तिथे कधी गेले नव्हते. सांगलीहून ते मस्कतला आले, अल् घुब्रातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये राहिले, एका कंपनीच्या एसी प्लँटची देखभाल करता करता त्यांचे केस पांढरे झाले, आणि दर सुट्टीला ते सांगलीलाच गेले. पण युरोपहून परतलेलं कुणी चॉकलेटं घेऊन वर गेलं, की काका चॉकलेटं काकूंच्या हातात देत आणि उलटतपासणीला बसत. टॉवर कसा आहे हे त्यांनी कधीच कुणाला विचारलं नाही. "तो फोटोत दिसतो रे. स्टेशनातून बॅगा घेऊन वर कसे आलात ते सांग."

या चौकश्यांमधून काकांचं ठाम मत झालं होतं की मस्कतची माणसं पॅरिसच्या लायकीची नाहीत. घरातल्या एसीतून गाडीच्या एसीत, तिथून दुकानाच्या एसीत. पायांचा उपयोग फक्त ब्रेक दाबायला. "मेट्रोला जिने आहेत, जिने! लिफ्ट मिळाली तर नशीब समजायचं." म्हणून ज्याचं तिकीट निघालं, त्याला बिल्डिंगची लिफ्ट बंद. बॅगांमध्ये तांदळाच्या थैल्या भरून त्या संध्याकाळी तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत वाहायच्या. पहिल्यांदा एक कुटुंब असं घामाघूम झालेलं पाहून आमचा बांगलादेशी वॉचमन धावत आला. "साब, खलास? घर छोड रहा है?" काका वरून ओरडले, "नहीं रे, पॅरिस जा रहा है!" पुढे पुढे वॉचमनच बॅगांकडे बघून "पॅरिस?" असं विचारायला लागला.

जिने झाले की खिसे. हायपरमार्केटमध्ये मी सुरमई निवडत होतो, तेवढ्यात माझं पाकीट गायब झालं. ते काउंटरपाशी काकांच्या हातात प्रकट झालं. "मागच्या खिशात ठेवतोस? तिथे गेलं असतं." तिथे टेकडीवरच्या चर्चपाशी लोक मनगटाला दोरा बांधून पैसे मागतात, हे कळल्यापासून काका राखीचा दोरा घेऊन जिन्यात दबा धरून बसत. माझी मुलगी शाळेतून आली की हात पाठीमागे घेऊनच वर चढायची. "काका, तुम्ही माझा हात नाही पकडू शकते," ती तिच्या मराठीत ठणकावायची, आणि काका खूश. दुकानात शिरल्यावर आधी बोंजूर म्हणायचं, मग तोंड उघडायचं, हा त्यांचा शेवटचा धडा. "इथे सलाम न करता भाव विचारतो का आपण? मग तिथे कशाला माज?"

शेवटी, २०१६ च्या उन्हाळ्यात, काका-काकूंचं जायचं ठरलं. काकूंनी भाजणी दळून ठेवली, चालायचे बूट आणले. काका तर तांदूळ भरलेली बॅग घेऊन रोज जिना चढत होते. व्हिसाची तारीखही मिळाली होती. पण तेलाचे भाव पडले होते. कंपनीने माणसं कमी केली, त्यात काकांची नोकरी गेली. नोकरीबरोबर मस्कतचा मुक्काम संपला आणि पॅरिसही राहिलं. मला फार वाईट वाटलं. निघायच्या दिवशी आम्ही बॅगा खाली उतरवत होतो, तेव्हा वॉचमनने सवयीने हसून विचारलं, "साब, आज कौन पॅरिस?" काकांनी हातातली बॅग डिकीत ठेवली. मग म्हणाले, "आज मैं." आणि गाडीत जाऊन बसले.

पुढच्या वर्षी आम्ही पॅरिसला गेलो. मेट्रोतून बाहेर पडताना समोर जिना आला, लिफ्ट नव्हतीच. मुलीने सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. पाठीमागे कोण उभं आहे, पाकीट कुठे आहे, सगळी चौकशी झाल्यावर मी म्हटलं, "काका, वर जाऊन टॉवर दाखवतो."

"टॉवर राहू दे. आधी जिना दाखव. सावकाश चढ."

मी एका हातात बॅग घेऊन आणि मुलगी पुढे फोन धरून, असे आम्ही चढलो. फोनवर काकांकडचं चित्र हलत होतं. मला वाटलं, नेट खराब असेल. वर उजेडात येऊन फोनकडे पाहिलं तर काका धापा टाकत होते. त्यांच्या मागे त्यांच्या बिल्डिंगच्या जिन्याचा कठडा दिसत होता आणि काकूंचा आवाज येत होता, "अहो, कॉलवर बोलायला बॅग कशाला लागते तुम्हाला?"

काकांनी बॅग खाली ठेवली, कपाळ पुसलं.

"पोचलो," ते म्हणाले. "यल्ला, चल, आता नदी कुठे आहे ती दाखव."