डहाणू रोडच्या कवळ्या

दातांच्या डॉक्टरकडे माणूस येतो तोच मुळी तोंड उघडायला! मग दुखण्याबरोबर त्याची गोष्टही बाहेर पडते. पन्नास-साठच्या दशकात डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात मी कवळ्या बनवायचो. पुढे डॉक्टर, मागे मी, मध्ये एक पातळ पडदा. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. त्यामुळे किस्से इतके साठलेत की कुठून सुरुवात करू कळत नाही. दात गेले म्हणून रडणारे त्यात फार थोडे. दात मिळवायचेच म्हणून आलेले जास्त!

* * *

नरपडची जनाबाई डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासळी विकायची. पुढचे दात गेले आणि तिची आरोळी दोन घरांपलीकडे पोचेना. कवळी बसवून डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर मऊ भातच खा हं."

"खायला कोणाला पायजेत दात? मना ओरडायला पायजेत!"

ती तडक दारात गेली, कमरेवर हात ठेवले आणि ओरडली, "घ्या गो सरंगाऽऽ!"

समोरच्या दोन घरांतल्या बायका ताटल्या घेऊन धावत आल्या. टोपली तर त्या दिवशी घरीच होती! जनाबाई डॉक्टरांकडे वळली. "चालतात दात. उद्या मासळी घेऊन येते!"

* * *

आशागडच्या एका गुरुजींना निवृत्तीला वर्षभर उरलेलं आणि तोंडात पुढचा एकही दात नाही. त्यांनी शुद्धलेखन घातलं, "सकाळी सूर्य उगवला." अख्ख्या वर्गानं लिहिलं, "हकाळी हूर्य उगवला!"

गुरुजींनी सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले आणि शाळा सुटल्यावर थेट आमच्याकडे आले.

नवी कवळी प्रत्येक शब्दाला टकटक वाजे. मुलं हसायची. गुरुजी हटले नाहीत. घरापासून शाळेपर्यंत 'ससा, सरस, सासरा, साखर' म्हणत चालायचे. महिन्याभरानं मुद्दाम दवाखान्यात येऊन सांगून गेले, "आता वर्गात चूक झाली, तर ती मुलांची!"

* * *

बाजारपेठेतल्या एक गुजराती बा फक्त चण्यांसाठी कवळी करून घ्यायला आल्या. डॉक्टरांनी बजावलं, "बा, महिनाभर कडक काही नाही." बांनी मान डोलावली आणि पायरी उतरताच पदराची गाठ सोडली. कट्! आवाज मला मागच्या खोलीत ऐकू आला.

बा परत आत. कवळीचा तुकडा टेबलावर ठेवून डॉक्टरांनाच म्हणाल्या, "तमारा दांत काचा, मारा चणा पाका!" म्हणजे दात तुमचे कच्चे, चणे माझे पक्के!

दुसरी कवळी मी जाड केली. ती घ्यायला आल्या तेव्हाही पदराला गाठ होतीच!

* * *

रानशेतच्या लखमाबाबाची गोष्ट वेगळी. गावात नाच त्याच्या तारप्यावर, भोपळ्याच्या त्या लांब फुंकवाद्यावर चालायचा. दात गेले, फुंक निसटायला लागली. कवळी बसवली तर फुंक भलतीकडेच वळे.

बाबा तारपा घेऊन दवाखान्याच्या अंगणात बसला तो तीन दिवस उठलाच नाही. वाजवून बघायचा, कवळी काढून माझ्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "आजून घास." मी घासायचो. चौथ्या दिवशी सूर धरला! बाकावरची माणसं उठून नाचायला लागली. दाढ काढायला आलेला एक जण नाचता नाचता फाटकाबाहेर पडला, तो परत आलाच नाही!

* * *

आणि तळासरीकडच्या पाड्यावरची देवकी. साठीची, काटक बाई. मैलोन्‌मैल चालत आलेली.

"कोर्टात साक्ष हाय माजी," ती म्हणाली. "मागल्या तारखेला, ज्याच्यावर केस हाय त्याचा वकील बोलला, म्हातारीचं बोलणं कळतच नाय. मला एकच नाव नीट घ्यायचंय."

डॉक्टरांनी तोंड तपासलं. "दात कधी पडले?"

"पडले नाय. पाडले."

आम्ही इतर कामं बाजूला ठेवली. मापासाठी, मग मेणात रोवलेले दात लावून बघायला ती चार वेळा चालत आली. हिरड्या सोलवटल्या, पण "दुखतंय" हा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी कवळी बसली. बाहेर दोन्ही बाकं भरलेली. मीही पडदा सारून पुढे आलो होतो. डॉक्टर म्हणाले, "आता काहीतरी बोलून बघा."

देवकी उठून उभी राहिली. तिनं एका माणसाचं नाव घेतलं. त्याचं, बापाचं, मग आडनाव. सावकाश, एकेक अक्षर सुटं. नाव डहाणूत सगळ्यांना माहीत होतं.

बाकाच्या टोकाला बसलेला, पांढऱ्या टोपीतला त्याचाच एक माणूस उठला आणि दात न दाखवताच भराभर निघून गेला.

देवकीनं त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग आमच्याकडे वळून विचारलं, "आलं ना नीट ऐकू?"