वाडीचा फोन, मामांच्या नावावर

पोलादपूरच्या वरच्या डोंगरात माझ्या मामांची वाडी आहे. तिथे रेंज फक्त एका फणसापाशी येते. म्हणून सगळ्या वाडीत मिळून एकच फोन, प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या फणसाला टांगलेला. मुंबईहून पोरांचा फोन आला की जो जवळ असेल त्याने उचलायचा आणि ज्याचा असेल त्याला हाक मारायची. बहुतेक वेळा शेजारची मावशीच उचलायची. तिचं घर झाडाला लागून. सिम मामांच्या नावावर. ते मीच आणून दिलं होतं. मी मुंबईत एका फोन कंपनीत आहे, पोलीस मागतील ती माहिती काढून देणाऱ्या टेबलावर.

महाडकडच्या कारखान्यांचं पाणी नदीत सुटतं, त्याविरुद्ध मोर्चा ठरला होता. मोर्चावाल्यांशी कोण कोण बोलतं ते पोलिसांना हवं होतं. ज्या नंबरांचे मालक विचारले होते, त्यांत फणसावरचा नंबर होता. लेखी हुकूम नव्हता, मागून पाठवतो म्हणाले. मी साहेबांना विचारलं.

"दे रे," ते म्हणाले. "सरकारने मागितलं, आपण दिलं. कायद्याने कंपनीला संरक्षण आहे, तुलाही. कोणी कोर्टात खेचणार नाही."

मला हायसं वाटलं. लिहायला जड जातंय, पण वाटलं. या फोनवर अख्खी वाडी बोलते, एवढं तरी सांगायला हवं होतं. पण मग नातंही सांगावं लागलं असतं. मी मामांचं नाव पाठवून दिलं. हुकूम आलाच नाही.

मामांना पोलिसांनी नेलं, दिवसभर बाकावर बसवलं, अरेतुरे केलं.

गणपतीला गेलो तर फणसावर पिशवी नव्हती. मामी म्हणाली, "शेजारणीनं चुगली केली. फोन तीच उचलायची ना. तिच्याशी कोण बोलत नाय आता."

मामा हसले. "तू एवढा कंपनीत, तुला तरी ठाव हाय का रे, कोणी सांगितलं ते?"

"मला काय माहीत," म्हणालो आणि पुढ्यातला मोदक खाल्ला.

संध्याकाळी मावशीच्या दारात गेलो. ती तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं.

"म्हंजे तू," ती म्हणाली.

"हो मावशी."

"मग मला कशाला सांगतोस? मी नाय केलं ते मला ठाव हाय. त्यांना सांग."

"सांगतो. उद्या निघायच्या आधी..."

"आता. आरतीला जमलेत सगळे."

ती मागोमाग आली, पण अंगणातच थांबली. आरती संपल्यावर मी हुकूम, कायदा, साहेब असं काहीबाही बोललो. कोणाला काही कळेना. मग म्हणालो, "मामांचं नाव मी दिलं. मावशीने नाही."

मामांच्या हातात आरतीचं ताट होतं. ते माझ्या शेजारून अंगणात गेले, ताट मावशीपुढे धरलं. "घे गो," म्हणाले.

मग ताट सगळ्यांत फिरलं. माझ्यापुढे आलं नाही.